हिब्रू पंचांगातही अधिक महिना असतो

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला प्राचीन संस्कृतींवरचा लेख वाचनीय होता, पण त्यातली दोन विधानं खटकली. एक, इजिप्तचं पंचांग ‘अचूक’ होतं. दुसरं, ज्यूंचे सण चांद्रमासावर असल्यामुळे मुस्लिम सणांप्रमाणेच सगळ्या ऋतूंतून फिरत राहतात.

इजिप्तचं आधी. ३० दिवसांचे १२ महिने आणि वर ५ दिवस, असं त्यांचं ३६५ दिवसांचं वर्ष. आखेत (पुराचा), पेरेत (पिकाचा) आणि शेमू (कापणीचा) असे चार-चार महिन्यांचे तीन ऋतू. कारकुनी हिशेबाला याहून सोयीचं वर्ष नाही. पण लीप दिवस नसल्याने दर ४ वर्षांनी एक दिवस सरकायचा, १२० वर्षांत महिना. पुढे कागदावर कापणी आणि नाईलला पूर, अशी वेळ यायची. इ.स.पू. २३८ मध्ये राजा तिसऱ्या टॉलेमीच्या काळात दर चौथ्या वर्षी सहावा जादा दिवस धरायचं ठरलं. दगडावर कोरूनही तो नियम कोणी पाळला नाही. रोमन ऑगस्टसच्या काळात तो लागू झाला. असं सरकणारं वर्ष पाहायला इजिप्तला जायची गरज नाही. शहेनशाही पारशी वर्षही १२ गुणिले ३० अधिक ५ असंच, लीप दिवसाविना. २०२३ मध्ये त्यांचं नवं वर्ष १६ ऑगस्टला होतं, २०२४ मध्ये १५ ऑगस्टला.

आता चंद्र. बारा चांद्रमासांचे दिवस भरतात ३५४, म्हणजे सौर वर्षापेक्षा ११ कमी. मुस्लिम पंचांग ही तूट भरत नाही. ज्यूंचं हिब्रू पंचांग भरतं, कारण पेसाह (वल्हांडण) हा सण वसंतातच आला पाहिजे असं तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ सांगतो. म्हणून १९ वर्षांत ७ वेळा अदार महिना दोनदा येतो. हिब्रू वर्षाला १९ ने भागा. बाकी ३, ६, ८, ११, १४, १७ किंवा ० उरली तर ते तेरा महिन्यांचं वर्ष. त्यामुळे पेसाह मार्चअखेर ते एप्रिलअखेर एवढ्यातच हलतो. अदारमधला पुरीम हा सण तेरा महिन्यांच्या वर्षी दुसऱ्या अदारमध्ये पाळतात.

१९ वर्षांत २३५ चांद्रमास बसतात हे गणित अथेन्सच्या मेटन या खगोलज्ञाने इ.स.पू. ४३२ मध्ये मांडलं होतं. पण त्याच्या गावानेच ते धड वापरलं नाही. तिथले आर्खोन (नगराचे अधिकारी) सोयीने मध्येच दिवस घुसवत. पुढच्या काळातल्या काही शिलालेखांत तर एकाच दिवसाच्या दोन तारखा आहेत, एक आर्खोनच्या हिशेबाने, दुसरी देवाच्या, म्हणजे चंद्राच्या. ज्यूंकडेही पूर्वी जेरुसलेममध्ये चंद्रकोर पाहिल्याची साक्ष घेऊनच महिना जाहीर होई. ठरलेलं गणित नंतर आलं. त्यातही एक खोच आहे: नवं वर्ष रविवार, बुधवार, शुक्रवारी सुरू होऊ द्यायचं नाही. बुधवारी किंवा शुक्रवारी सुरू झालं तर योम किप्पूरचा उपास शनिवारच्या शब्बाथला (आठवड्याच्या कामबंदीच्या दिवसाला) लागून येतो, मग सलग दोन दिवस चूल बंद. रविवारी सुरू झालं तर होशाना रब्बा, म्हणजे फांद्या आपटायच्या विधीचा दिवस, शब्बाथलाच येतो, आणि शब्बाथला तो विधी चालत नाही. म्हणून दोन महिन्यांत एखादा दिवस कमी-जास्त करतात.

मराठी वाचकाला हे समजावायला अधिक मासाएवढा जवळचा दाखला नाही. आपल्याकडे २००४ मध्ये अधिक श्रावण होता, पुन्हा २०२३ मध्ये, बरोबर १९ वर्षांनी. फरक इतकाच की ज्या चांद्रमासात सूर्यसंक्रांत नाही तो आपला अधिक, त्यामुळे कधी श्रावण, कधी ज्येष्ठ. त्यांचा मात्र कायम अदार. रायगडातले जुने बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू) पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत ते उगाच नव्हे. पुरीम अदारच्या चौदाव्या दिवशी, आपली होळी फाल्गुन पौर्णिमेला. बहुतेक वर्षी एक-दोन दिवसांचाच फरक. २०२१ मध्ये मात्र पुरीम २६ फेब्रुवारीला आणि होळी २८ मार्चला. आपला अधिक आश्विन २०२० मध्येच होऊन गेला होता, त्यांचा जादा अदार यायचा होता. तो २०२२ मध्ये आला आणि दोन्ही सण पुन्हा जुळले. आपला अधिक ज्येष्ठ २०२६ चा, त्यांचा जादा अदार त्यानंतरच्या फेब्रुवारीतला; म्हणजे २०२७ ची होळी आणि पुरीम शेजारी-शेजारीच.

– एक वाचक, अलिबाग