गठ्ठा मुलांनाच सोडू द्या

महोदय,
राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ पासून ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द शिक्षकांच्या तोंडी रुळला, पण मूल स्वतःच्या कृतीतून ज्ञान रचते, हा मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा मूळ विचार अनेक प्रशिक्षणांत व्याख्येपुरताच उरतो, याचे मनापासून वाईट वाटते. माझ्या दुसरीच्या वर्गात ४२ मधून १७ वजा करताना एक मुलगी अडली. ‘दोनातून सात कसे जातील?’ एवढेच मी विचारले. तिने दहा काड्यांच्या एका गठ्ठ्याचे रबर काढले, सुट्या झालेल्या बारा काड्यांतून सात बाजूला ठेवल्या, आणि दशक सुटा करणे म्हणजे काय, ते तिला उमगले. मूल जाणत्या माणसाच्या मदतीने पुढे शिकते, असे मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की सांगत; ती मदत इथे एका प्रश्नापुरतीच लागली. प्रशिक्षणांत शिक्षकांच्याही हाती आधी काड्या द्याव्यात, व्याख्या नंतर सांगावी, ही विनंती.

– एक प्राथमिक शिक्षिका