लाजतच जा

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. पुढच्या गुरुवारी वहिनींचं ऑपरेशन; त्याबद्दल चार ओळी आणि मग दीड पान एकच रड: 'जन्मभर देवळाबाहेर चपला सांभाळत उभा राहिलो, आता गरज पडली म्हणून कोणत्या तोंडाने हात जोडू?'

लेका, मी तर सौदा केला होता. आईला झटका आला त्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर विठ्ठलाला चांदीच्या समईचा नवस बोललो. वर इतक्या वर्षांच्या एकादश्यांचा हिशेबही ऐकवला. आई वाचली, पण उजवा हात आणि वाचा गेली. दोन वर्षं मी देवाशी अबोला धरला, घेतलेल्या मालात खोट निघाल्यासारखा.

मग तिला घेऊन पंढरपूरला गेलो. कार्तिकीची गर्दी, व्हीलचेअर घेऊन दर्शनबारीत कुठे उभा राहणार? महाद्वारातच थांबलो. समोर नामदेव पायरी, इकडे चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला 1338 मध्ये भिंत अंगावर कोसळून ते गेले. जिवंतपणी त्यांना आत घेतलं नाही. अस्थी नामदेवांनी आणून दारात ठेवल्या, असं सांगतात. त्यांच्या माणसांना ते दार उघडायला 1947 उजाडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. (देवाच्या नावाने माणसं काय काय करतात, ते पुन्हा कधीतरी.) पण बाहेरून मारलेली हाक आत पोचत नाही, असं त्या दारात उभं राहून तरी तुला म्हणता येणार नाही.

आईने डाव्या हाताने उजवा हात उचलून छातीशी आणला. निसटला. पुन्हा उचलला. मी धरायला गेलो तर मानेनेच नको म्हणाली. शेवटी नुसता डावा तळवा कपाळाला लावून कळसाकडे बघत राहिली. ओठातून 'मा... मा...' एवढंच. काय मागितलं कोण जाणे. मला माझी समई आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागतो मी अजूनही. भाव तेवढा करत नाही. 'मला झेपत नाही, तू बघ' म्हणतो आणि आडवा होतो. झोप लागतेच असं नाही.

तर तू लाजतच जा. देऊळ लांब असेल तर दवाखान्यात लिफ्टशेजारी गणपतीचं कॅलेंडर असेलच. बुधवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. पिठलं-भाकरी आणतो, तुझ्यासाठी. थर्मास तेवढा धुऊन ठेव.

तुझाच,
बाकावरचा सोबती