घरातच आहे, जाईल कुठे?

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. चष्मा, कपाटाची किल्ली, टीव्हीचा रिमोट आणि कात्री अशी यादी देऊन तू घरातल्या सगळ्यांवर संशय घेतला आहेस, मांजरासकट. मांजराला सोड. कात्रीत त्याला रस नसतो. फिरकी, रबरबँड, पेनाचं टोपण असलं काही गेलं असेल तरच त्याची चौकशी कर. ती वस्तू कपाटाखाली भिंतीलगत असेल, हात पोचतो त्याच्या बोटभर पलीकडे.

बाकीच्या वस्तू तूच ठेवल्या आहेस. फक्त ठेवताना तू हजर नव्हतास. हात वस्तू ठेवतो तेव्हा लक्ष दुसरीकडे असेल, तर मेंदूत त्याची नोंद होतच नाही. म्हणून "शांतपणे आठवून बघा" हा घरोघरी मिळणारा सल्ला बिनकामाचा आहे. जे लिहिलंच गेलं नाही ते वाचणार कसं? जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने लोकांना आपापल्या रोजच्या चुकांच्या डायऱ्या ठेवायला लावल्या आणि 1979 मध्ये त्यावर लिहिलं. घोटाळे होतात ते हातात मुरलेल्या कामांत. नव्या, अवघड कामात माणूस जागा असतो.

तेव्हा "कुठे ठेवलं?" हे विचारूच नकोस. विचार, "हात कशासाठी मोकळा केला?" किल्ली हातातून सुटते ती बेल वाजली म्हणून, दूध उतू चाललं म्हणून, दोरीवरचे कपडे काढायचे होते म्हणून. ते दुसरं काम जिथे झालं तिथे जाऊन उभा राहा आणि हाताच्या टप्प्यातली, कमरेपासून खांद्यापर्यंतची प्रत्येक सपाट जागा बघ: फ्रीजचा माथा, वॉशिंग मशीनचं झाकण, बेसिनची कड, चपलांच्या कपाटाची वरची फळी. दोन्ही हात भरलेले असताना फ्रीज उघडला होतास का? मग रिमोट आत असू शकतो, हसू नकोस. कपडे काढले असशील तर किल्ली घडीच्या आत गेलेली असते. कपाटातली ती थप्पी उलगडून बघावी लागते.

आता बघण्याबद्दल. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघ. डोळ्याला एका वेळी अगदी लख्ख दिसतं ते साधारण तेवढंच. बाकीचं मेंदू अंदाजाने भरतो. त्यामुळे खोलीच्या दारात उभं राहून नजर फिरवणं म्हणजे शोधणं नव्हे, ती नुसती हजेरी. शिवाय आपण शोधतो ते मनातलं चित्र. रिमोट म्हणजे वर बटणं, असं डोक्यात बसलेलं असतं. तो पालथा पडला की नुसती काळी पट्टी होते आणि नजर तिच्यावरून निघून जाते. चष्मा वर्तमानपत्राखाली मिटलेला असला की त्याची एक काडी तेवढी डोकावते.

टेबल शोधायचं तर वीतभर रुंदीचे पट्टे पाड, डावीकडून उजवीकडे जा, आणि प्रत्येक वस्तू उचलून तिच्याखाली बघ. शोधताना वस्तूचं नाव मोठ्याने घेत राहा. गॅरी लुपयान आणि डॅनियल स्विंगली यांनी 2012 मध्ये प्रयोग करून दाखवलं की नाव उच्चारल्याने ओळखीच्या वस्तू लवकर सापडतात. अट एवढीच, की वस्तू नावाबरहुकूम दिसायला हवी. त्यामुळे चष्मा डबीत ठेवला असेल तर "डबी, डबी" म्हण. घरातले विचित्र नजरेने बघतील, ते चालवून घे.

तू तीनदा उलथापालथ केलेल्या खणातून वहिनी पाचव्या सेकंदाला किल्ली काढून देतात, असं लिहिलं आहेस. त्यात जादू नाही. "तिथे बघून झालंय" ही तुझ्या मनातली फुली त्यांच्या मनात नसते. या फुलीने मोठमोठ्या लोकांनाही चकवलं आहे. उदाहरण गंभीर आहे, पण याहून नेमकं मला माहीत नाही. 1 जून 2009 रोजी एअर फ्रान्सचं 447 क्रमांकाचं विमान अटलांटिकमध्ये कोसळलं. ब्लॅक बॉक्सबरोबर पाण्याखाली ठरावीक वेळाने आवाज देणारी यंत्रं असतात. शेवटच्या ठावठिकाण्याजवळच्या पट्ट्यात तो आवाज ऐकण्याचा प्रयत्न झाला, काही ऐकू आलं नाही, म्हणून तो भाग मागे पडला आणि पुढचे शोध मुख्यतः इतरत्र झाले. नंतर संख्याशास्त्रज्ञांनी हिशेब नव्याने मांडला: यंत्रंच बंद पडली असतील तर? तसं धरल्यावर तोच पट्टा पुन्हा वर आला, आणि एप्रिल 2011 च्या सुरुवातीला, नव्या फेरीला आठवडाभर होतो न होतो तोच अवशेष तिथे सापडले.

हाच हिशेब खणाला लाव. एकदा बघितल्याने तिथे वस्तू असण्याची शक्यता कमी होते, शून्य होत नाही; किती कमी होते ते बघणं किती नीट झालं यावर. नुसतं उघडून बघितलेला खण म्हणजे निम्मा बघितलेला. पूर्ण रिकामा करून, एकेक वस्तू परत भरली, तर बघितला म्हणायचं. आणि खण पार बाहेर काढ. पाठीमागच्या फळीवरून वस्तू उडी मारून खालच्या खणाच्या मागे पडतात आणि वर्षानुवर्षं तिथे सुखाने राहतात.

तुझ्या कपाटाच्या किल्लीचा प्रकार मात्र वेगळा दिसतो. ती तू "जपून" ठेवली होतीस. जपून ठेवलेली वस्तू हरवलेल्या वस्तूपेक्षा वाईट, कारण ती लपवायला तू डोकं लढवलेलं असतंस. यूजीन विनोग्राड आणि रॉबर्ट सोलोवे यांनी 1986 मध्ये हेच तपासलं. आगळीवेगळी जागा लक्षात राहील अशी माणसाला खात्री वाटते, प्रत्यक्षात तीच जास्त विसरली जाते. वस्तूचा आणि जागेचा काही संबंधच नसतो, मग दुवा सापडणार कसा? पुढच्या वेळी महत्त्वाची वस्तू ठेवताना हुशारी करू नकोस. "ही शोधायची झाली तर मी आधी कुठे बघेन?" असं स्वतःला विचार आणि तिथेच ठेव. जागेचा फोटो काढून वहिनींना पाठव. वहीत नोंद करू नकोस, वही हरवते.

चष्म्याचं बघू. आधी डोकं आणि शर्टाचा गळा चाचप; काखेत कळसा ही म्हण काही उगाच पडलेली नाही. तुझा नंबर मायनस आहे, तेव्हा फोनचा कॅमेरा चालू कर, फोन डोळ्यांजवळ धर आणि पडद्यावर खोली बघ. लांबचं दिसण्याची कामगिरी कॅमेरा करतो, तुला फक्त जवळचा पडदा वाचायचा असतो. वाचण्याच्या चष्म्याला ही युक्ती चालत नाही, तिथे पडदाच अंधुक दिसतो. पलंगावर शोधताना तळहात सपाट ठेवून हलकेच सरकव. तोपर्यंत कुठेही बसू नकोस. हरवलेल्या चष्म्यांपैकी निदान काही तरी बसल्यामुळे सापडतात, आणि ते सापडणं महागात पडतं.

सोफ्याच्या फटीत पहिल्याच झटक्याला हात घालू नकोस, रिमोट आणखी खोल जातो. गाद्या निघत असतील तर काढ, टॉर्च मार आणि लांब पट्टीने वस्तू बाजूला ओढ. तरी नाही मिळाला तर सोफा पाठीवर कलता कर. बऱ्याच सोफ्यांच्या तळाला पातळ काळं कापड स्टेपल केलेलं असतं. फटीतून गेलेलं सगळं त्यावर साठतं. खालून तळहाताने दाबत गेलास की हाताला लागतं. एका कडेच्या चार-पाच पिना उपसून वस्तू काढ आणि कापड परत ठोक. सोफा मागे रेलणारा असेल तर शोध संपेपर्यंत त्याचा खटका हलवू नकोस. आतल्या पट्ट्या रिमोट चिरडतात, आणि हात आत असेल तर बोटंही.

वहिनींच्या कानातल्याची फिरकी पडली की पहिलं काम पंखा बंद, दुसरं काम सगळ्यांनी आहे तिथे उभं राहणं. झाडू नको, तो ती फटीत ढकलतो. खोलीतला दिवा घालव आणि टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून फिरव. आडव्या उजेडात मोहरीएवढ्या वस्तूचीही सावली लांब पडते. गालिचा असेल तर व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर जुना पातळ मोजा दुहेरी ताणून रबरबँडने घट्ट बांध. वस्तू मोज्याला चिकटते. मशीन बंद करण्याआधी नळीचं तोंड ताटलीवर धर, नाहीतर फिरकी पुन्हा पडेल आणि सगळा खेळ पहिल्यापासून. चुंबक सुईला आणि बहुतेक स्क्रूंना चालतं. सोन्या-चांदीला, पितळेला नाही.

अंगठी बेसिनमध्ये गेली तर नळ तात्काळ बंद. बेसिनखाली बाटलीसारखा ट्रॅप असतो, त्यात दुर्गंधी अडवण्यासाठी पाणी साठून राहतं आणि जड वस्तू तिथेच बसते. खाली बादली ठेव, ट्रॅपची तळाची वाटी हाताने, खालून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने, फिरवून काढ. पक्कड लावलीच तर मध्ये फडकं घे, प्लास्टिकचे आटे पटकन जातात. केसांचा गोळा उलगडून बघ, अंगठी त्यातच गुंतलेली असते. मग रबरी वायसर जागेवर बसवून वाटी घट्ट कर, नळ सोडून गळती बघ. आणि बादली मोरीत ओत. ट्रॅप काढलेला असताना तीच बादली त्याच बेसिनमध्ये ओतणारे लोक असतात, आणि पाणी सरळ त्यांच्या पायांवर येतं.

एकाकी मोज्यांबद्दल फार लिहीत नाही. गादीला बसणाऱ्या चादरीचे कोपरे, दुलईची खोळ, शर्टाच्या बाह्या, आणि पुढून उघडणाऱ्या मशीनच्या दाराभोवतीच्या रबराची घडी, इथे बहुतेक जोडीदार भेटतात. लहान मुलांचे मोजे, नाणी, बटणं कधीकधी पंपाच्या फिल्टरपर्यंत जातात. फिल्टर पुढच्या बाजूला खाली छोट्या झाकणामागे असतो. मशीनचा प्लग काढ, पाणी थंड होऊ दे, खाली पसरट ताट ठेव आणि झाकण अगदी हळू सैल कर, कारण आत पाणी असतंच. नको असेल ही भानगड, तर मोजे जाळीच्या पिशवीत घालून धू.

कात्रीचं दुखणं वेगळं. ती हरवत नाही, हिंडते. मेलबर्नच्या एका संशोधन संस्थेत 70 चमच्यांवर गुपचूप नंबर टाकून ते चहाच्या खोल्यांत सोडले गेले. 5 महिन्यांत 56 गायब. निम्मे चमचे नाहीसे व्हायला 81 दिवस लागले. सगळ्यांच्या सामायिक खोल्यांत तर 42 दिवसच. ब्रिटिश मेडिकल जर्नलने 2005 च्या डिसेंबरात हे छापलं. चमचे भारी असोत की साधे, फरक पडला नाही. तेव्हा "कात्री जागेवर ठेवा" असं घरभर ओरडून काही होणार नाही. तीन कात्र्या घे. स्वयंपाकघरातली ओट्याजवळ खिळ्याला मीटरभर दोरीने बांध, एक शिवणाच्या डब्यात ठेव, एक लिहायच्या टेबलावर. आणि सेलोटेप वापरून झाला की टोक दुमडून ठेव, म्हणजे ते शोधायला नखं झिजवावी लागणार नाहीत.

फोन मात्र हरवायच्या आधी तयारी करून ठेव. अँड्रॉइड फोन दुसऱ्या कुठल्याही फोनवरून गूगल खात्यात जाऊन वाजवता येतो, सायलेंटवर असला तरी पूर्ण आवाजात. तो चालू आणि जोडलेला मात्र हवा. मेख अशी की खात्यात शिरताना खात्रीसाठीचा ओटीपी त्याच हरवलेल्या फोनवर येतो. वहिनींच्या फोनवरून एकदा करून बघ, म्हणजे कुठे अडतं ते कळेल.

किल्लीला ब्लूटूथ टॅग, म्हणजे फोनवरून शोधता येणारी ती छोटी चकती, लावायचं म्हणतोस, जरूर लाव. ॲपलचा एअरटॅग घेणार असशील तर त्यात सीआर 2032 ही नाण्यासारखी बॅटरी लागते, साधारण वर्षभर जाते. मुलांनी गिळू नये म्हणून काही बॅटऱ्यांवर कडू लेप असतो, त्या लेपामुळे बॅटरी टॅगला नीट टेकत नाही आणि नवी कोरी असून टॅग मुका राहतो. वेष्टनावर तशी सूचना असेल तर दुसरी घे. जुनी बॅटरी लगेच टाकून दे आणि नातवाच्या हाताला लागू देऊ नकोस. ती पोटात जाणं फार धोक्याचं असतं.

किल्ली सापडली की कळव, आणि कुठे सापडली तेही. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
मधू