भरती-ओहोटीवाल्या काकांना थँक्यू

काका, नमस्कार. नाव लिहू नको म्हणालात म्हणून लिहीत नाहीये, करावे गावात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

२०२४ च्या एप्रिलमध्ये नवी मुंबईत नेरूळच्या डीपीएस तलावाकडे (डीपीएस शाळेजवळचा तो) फ्लेमिंगो मरायला लागले तेव्हा मी पण सगळ्यांसारखी मोबाईल काढून फोटो टाकत होते, कोण म्हणे ऊन, कोण म्हणे लाईट, आणि तुम्ही बाजूला उभे राहून फक्त विचारलंत, "पोरी, पानी कुठं हाय?" खरं सांगते, मला प्रश्नच कळला नव्हता. तलाव म्हणजे पावसाचं पाणी, एवढीच माझी अक्कल. "यो तलाव नाय, खारी (म्हणजे खाडी) हाय. अमावस्येला दुपारी बाराला ये," म्हणालात आणि गेलातसुद्धा.

त्या दिवशी तुमची छत्री धरून मी बघितलं, बाहेर खाडी उधाणाने काठोकाठ आणि आत तलावात टिपूस नाही! पाणी आत यायची तोंडं भरावाखाली बुजलेली, तुम्ही काठीने एकेक जागा दाखवलीत. मग डोक्यात उजेड पडला की फ्लेमिंगो ओहोटीला खाडीच्या चिखलावर शेवाळ खातात, पण भरतीला तो चिखल बुडाला की त्यांना उभं राहायला जवळच उथळ पाणी लागतं, आणि ते इथे मिळायचं. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ ला झालं, २०२२ ला रामसरमध्ये, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत पण आली खाडी, पण हे ३० एकर त्या हद्दीबाहेर, आता पक्ष्यांना हद्द कोण समजावणार.

तुम्ही सांगितलेल्या भरतीच्या वेळा आणि काठीच्या खुणा, सगळं नकाशावर काढून मी तलाव वाचवायच्या अर्जाला जोडलं. लढणारे पुष्कळ होते हो, किती जण माझ्या आधीपासून धावपळ करत होते, माझा आपला खारीचा वाटा (तुमच्या भाषेतल्या खारीचा पण!). एप्रिल २०२५ ला राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीवसाठी (म्हणजे कायद्याने जपायची जागा म्हणून) मंजुरी दिली तेव्हा मी ओरडतच तुम्हाला फोन केला, तर तुमचं परत तेच, "बरा झाला, पन पानी येतं का?"

तेव्हा राग आला होता थोडा. नंतर, भरती आत न आल्याने साचून राहिलेल्या पाण्यावर हिरव्या शेवाळाचा थर बघितला आणि गप्प झाले.

थँक्यू काका. येत्या अमावस्येला बाराच्या आधी पोचते, तुमची छत्री अजून माझ्याकडेच आहे, तीही आणते.