विषय : तुमचं लोअरिंग-कॅम्बर किट, आतून खाल्लेले टायर आणि 'काही होत नाही भाई'

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार साहेब किंवा मॅडम, जे कोणी वाचत असेल ते,

माझ्या 2019 च्या स्विफ्टसाठी तुमच्याकडून फेब्रुवारीत किट घेतलं, 38,500 रुपये, बिल सोबत जोडलंय. चार स्प्रिंगा, पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर बसणाऱ्या कॅम्बर (म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव) बदलायच्या प्लेट आणि मागच्यासाठी तिरक्या प्लेट. मार्चमध्ये फिटिंग झालं आणि जूनमध्ये गाडी बंद करून ठेवली. मधल्या काळात फक्त 5,200 किलोमीटर चालली.

आधीच सांगतो, शौक माझाच होता. गाडी बसवायची म्हणजे खाली घ्यायची, चाकं वरून आत झुकलेली पाहिजेत हे कॉलेजपासून डोक्यात होतं. त्यामुळे 'तूच केलंस, तूच निस्तर' हे उत्तर पाठवू नका, ते पप्पांनी देऊन झालंय. आज्जीनं तर पहिल्याच दिवशी गाडीकडं बघून विचारलं होतं, हिचे पाय असे फेंगडे का झाले रं, आणि तिला आत बसवायला आम्ही दोघं लागलो ते वेगळंच.

माझी तक्रार अशी आहे की पैसे भरायच्या आधी मी तुमच्या माणसाला व्हॉट्सअपवर तीन गोष्टी सरळ विचारल्या होत्या. रोज वापरायला चालेल का, टायर किती टिकतील आणि आरटीओचं काही लफडं होईल का. त्यावर उत्तर आलं, 'काही होत नाही भाई, डेली यूज, अलाइनमेंट पण लागत नाही, आरटीओ अप्रूव्ह्ड आहे, जपानमध्ये सगळे असंच चालवतात.' अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मशीनवर तपासून सेट करणं. स्क्रीनशॉट आहेत.

आता टायरचं ऐका. जूनमध्ये रत्नागिरीहून येताना आंबा घाटात पाऊस लागला, एका वळणाच्या आधी नेहमीसारखा ब्रेक मारला तर एबीएस (ब्रेकमध्ये चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम) थडथडायला लागलं आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ कठड्याकडं निघाली. स्पीड जेमतेम 40 होता. नशीब समोरून एसटी नव्हती. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात आमच्या नेहमीच्या टायरवाल्याकडं गेलो, त्यानं मागचं चाक उतरवून आडवं ठेवलं आणि म्हणाला, हात फिरवा जरा. बाहेरच्या बाजूला नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस तसेच होते, एकही झिजला नव्हता. आणि आतल्या कडेला बोट नेलं तर तार टोचली, रक्त आलं. एकाच टायरची एक बाजू शोरूममधली आणि दुसरी भंगारातली. उभ्या गाडीत हे दिसतच नाही हो, कारण झिजलेला भाग गाडीच्या पोटाकडं असतो, वाकून टॉर्च मारल्याशिवाय कळत नाही.

मग त्यानं गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर घेतली. कॅम्बर पुढं उणे 5 डिग्री, मागं उणे 8, उणे म्हणजे वरून आत झुकलेलं. कंपनीतून येते तेव्हा ही गाडी जवळपास सरळ उभी असते, शून्य ते एक डिग्रीचा खेळ असतो. रेसच्या गाडीला 3-4 डिग्री देतात ते मलाही माहितीय, पण त्याला कारण आहे, वळणात गाडी बाहेर झुकते तेव्हा बाहेरचा टायर सपाट बसावा म्हणून. सरळ रस्त्यावर 8 डिग्रीला टायर फक्त आतल्या कडेवर चालतो, रस्त्याला धरायला रबरच उरत नाही, घाटात तेच झालं. शिवाय गाडी खाली घेतली आणि कॅम्बर बदलला की टो पण हलतो, म्हणजे वरून बघितलं तर दोन्ही चाकांची तोंडं वेगळ्या दिशेला. टायरवाल्याच्या भाषेत, कॅम्बर टायर चघळतो आणि टो गिळतो. पुढचा टो टाय रॉडवरून, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाला जाणाऱ्या दांड्यावरून, सेट झाला असता, अर्ध्या तासाचं काम, पण तुमचा माणूस म्हणाला अलाइनमेंट लागत नाही आणि मी ऐकलं. मागं तर टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, तिथं अ‍ॅडजस्ट करायला काही नसतंच, म्हणून तुम्ही बीम आणि हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मध्ये ठोकायला त्या तिरक्या प्लेट, म्हणजे पाचरी दिल्यात. त्या पाचरीवर डिग्री लिहिलेली नाही, डावी उजवी लिहिलेलं नाही, काहीच नाही. मागच्या एका बेअरिंगचा आता घुर्रर्र आवाज येतो तो बोनस.

उंचीचं पण सांगतो. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर, तुमची स्प्रिंग 60 नी खाली आणते, राहिले 103. आपल्याकडं स्पीड ब्रेकरचं जे स्टँडर्ड आहे इंडियन रोड्स काँग्रेसचं, त्यात उंची 10 सेंटीमीटर आणि रुंदी 3.7 मीटर, म्हणजे पुस्तकातला ब्रेकर सुद्धा गाडी घासूनच पार करणार, आणि आमच्या गल्लीतला ब्रेकर घालणाऱ्यानं ते पुस्तक वाचलेलं नाही. मे महिन्यात इंजिनखालचा ऑइलचा चेंबर फुटला, ऑइलची धार लागली रस्त्यावर. इन्शुरन्सवाल्यांनी गाडी बघितली, मॉडिफिकेशन कळवलं होतं का विचारलं आणि विषय संपला. जुन्याच शॉकअपवर बुटक्या स्प्रिंगा घातल्यामुळं पुढचे दोन्ही शॉकअप पण लीक आहेत.

आरटीओ अप्रूव्ह्ड हे तुम्ही कुठून आणलं ते मला खरंच जाणून घ्यायचंय. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, गाडीत बदल करण्याबद्दलचं, सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये त्यावर निकाल दिलाय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाही, आणि दंड एका बदलाला 5,000 रुपये, वर कैदेची पण तरतूद आहे. दंड गाडीमालकाला, म्हणजे मला.

आणि जपानचं नाव घेऊ नका. मी वाचलं नंतर, आधी वाचायला पाहिजे होतं. तिथं या प्रकाराला ओनिक्यान म्हणतात, ओनि म्हणजे राक्षस, राक्षसी कॅम्बर. पण तिथं शाकेन नावाची तपासणी असते, नव्या गाडीला 3 वर्षांनी आणि मग दर 2 वर्षांनी, त्यात पोट जमिनीपासून 9 सेंटीमीटरच्या खाली गेलेलं चालत नाही. तिथं पण 'सगळे' असंच चालवत नाहीत.

मला किटचे 38,500 परत पाहिजेत आणि 185/65 आर 15 चे चार टायर, त्याचं बिल पण जोडलंय. चेंबर, शॉकअप आणि बेअरिंग मी सोसतो, ती माझ्या हौसेची किंमत समजा. पण किटच्या बॉक्सवरचा 'आरटीओ अप्रूव्ह्ड'चा स्टिकर काढा आणि त्या जागी किती डिग्री, किती मिलिमीटर, अलाइनमेंट कंपल्सरी आणि टायर आतून तपासा, एवढं मराठीत नाहीतर हिंदीत छापा. 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार टाकणार आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात.

किट काढून ठेवलंय, गाडी परत मूळ स्प्रिंगवर आहे, आज्जी एकटी चढते आता. तो मागचा टायर मी मुद्दाम भंगारात दिलेला नाही. बघायचा असेल तर तुमच्या खर्चानं पाठवतो, फक्त उघडताना आतल्या बाजूला हात लावू नका.

आपला,
कोल्हापूरचा एक ग्राहक
सोबत : किटचं बिल, टायरचं बिल, अलाइनमेंटची प्रिंट, चॅटचे स्क्रीनशॉट, टायरचे फोटो