मॅच चालू असताना बंद केलेला राउटर

फोंडा

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

परीक्षेमुळे तू चवथीला येऊ शकला नाहीस. आत्या आणि चिनू साखळीहून आले होते, चार दिवस राहिले. गणपतीच्या वरची फळापानांची माटोळी बांधताना मी चिनूला सुपारीचा घोस धरायला हाक मारली, तर फोनवरून नजर न काढता तो म्हणाला, "मामा, आत्ता एएफके झालो तर टीम मरेल." मी अर्थ विचारला. कीबोर्डपासून दूर, म्हणजे खेळात नाव आहे पण जागेवर माणूस नाही. ते ऐकलं आणि माझा हात तिथेच थांबला.

तू बारावीत असतानाची ती पावसातली रात्र मला आठवली. साडेदहा वाजले होते. तू हेडफोन लावून ओरडत होतास, "बाबा, पाच मिनिटं, शेवटचा झोन आहे!" मी काही न बोलता राउटरचं बटण बंद केलं. तू रडलास, आणि खेळासाठी रडतो म्हणून मी आणखी चिडलो. चिनूने आता मला समजावलं की शेवटचा झोन म्हणजे आकसत गेलेल्या मैदानाचा उरलेला शेवटचा तुकडा, चौघांचा स्क्वॉड म्हणजे संघ असतो आणि ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही. मी बटण दाबलं तेव्हा तुझा खेळाडू मैदानात नुसता उभा राहिला असणार, आणि बाकीचे तिघे त्याला हाका मारत असणार. मी जत्रेच्या नाटकात वीस वर्षं काम केलं आहे. रंगात आलेल्या प्रवेशात कुणी दिवे घालवले तर काय होतं, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मग मी चिनूला रोज रात्री एकेक शब्द विचारत गेलो. पिंग म्हणजे आपल्या फोनचा निरोप खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो मिलीसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. ३०-४० असला तर खेळ हाताबरोबर चालतो. २००-३०० झाला की समोरचा दिसायच्या आत आपण मेलेले असतो. तोच लॅग. तू "लॅग झाला" म्हणायचास तेव्हा मी "नाचता येईना अंगण वाकडं" असं सुनवायचो. अंगण खरंच वाकडं होतं रे.

एफपीएसचे दोन अर्थ ऐकून मी चक्रावलो. एक, नेमबाजाच्या डोळ्यांनी दिसणारा खेळ. दुसरा, पडद्यावर सेकंदाला किती चित्रं येतात तो आकडा. ६० असेल तर एक चित्र जेमतेम १७ मिलीसेकंद टिकतं. एनपीसी म्हणजे ज्यांना कुणी माणूस चालवत नाही अशी पात्रं, रिस्पॉन म्हणजे मेल्यावर पुन्हा उभं राहणं. एखादं शस्त्र फार वरचढ ठरलं की खेळ बनवणारे त्याची ताकद कमी करतात, ते नर्फ. हे नाव मऊ फोमच्या गोळ्या मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांवरून आलं. ताकद वाढवली तर बफ.

दोन शब्द मात्र आपल्याच घरातले निघाले. मेलेल्या शत्रूकडून किंवा पेटीतून मिळतं ते लूट. इंग्रजांनी हा शब्द हिंदुस्थानातूनच नेला. आणि पडद्यावरचं आपलं रूप म्हणजे अवतार! दशावतारी काला रात्रभर जागून बघणाऱ्या माणसाला हे ऐकून केवढा आनंद झाला म्हणून सांगू. रंग लावून आम्ही उभे राहतो तेव्हा तेच तर करतो.

लूट बॉक्सबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. पैसे भरायचे आणि आत काय निघेल ते नशिबावर, हा जुगारच. बेल्जियमने २०१८ साली पैसे भरून घ्यायच्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या, ते योग्यच केलं. खेळ हवा तेवढा खेळ, पण त्या पेट्यांना पैसे घालू नकोस.

सगळ्यात लागलेला शब्द टिल्ट. पिनबॉलचं यंत्र रागाने हलवलं की ते 'टिल्ट' दाखवतं आणि त्याचे चेंडू उडवणारे दांडे बंद पडतात. आता हा शब्द रागाच्या भरात खेळ बिघडवणाऱ्यासाठी वापरतात. त्या रात्री घरात टिल्ट झालेला माणूस मी होतो, तू नव्हेस. माझं चुकलं, बाबू. हे तोंडावर सांगायला हवं होतं, पण फोनवर जीभ रेटली नाही म्हणून लिहितो आहे.

त्या तिघांपैकी एक शिरोड्याचा होता ना? अजून बोलणं आहे का तुमचं? असेल तर माझ्या वतीने त्यालाही सांग. आणि दिवाळीला येशील तेव्हा मॅच किती मिनिटांची ते आधी सांगून बसत जा, आई तेवढा वेळ जेवण गरम ठेवेल.

तुझा,
बाबा