अतिविष पिकवणाऱ्या गावांचा वाटा कुठे गेला? आयुष मंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. प्रतापराव जाधव,
केंद्रीय आयुष राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार)

सप्रेम नमस्कार.

बाळगुटीतलं अतिविष सहाणेवर कसं उगाळतात, हे बुलढाण्याच्या माणसाला सांगायला नको. पण ते आपल्याकडे उगवत नाही. ते येतं हिमालयातून, साधारण अडीच ते चार हजार मीटर उंचीवरच्या कुरणांतून. उत्तराखंडात या कुरणांना बुग्याल म्हणतात.

तिथल्या चमोली जिल्ह्यात, नीती आणि माणा खोऱ्यांतल्या भोटिया जमातीच्या घरांत याचं नाव अतीस. मुलांना ताप आला, जुलाब लागले की देतात. कुटकी तापावर आणि पोटदुखीवर, हत्ताजडीचा कंद जखमेवर. चोरूचं मूळ तर डाळीतही पडतं आणि पोट बिघडलं तरी तेच. दवाखाना कैक मैल खाली असतो, म्हणून हे सगळं घरात हवंच.

अतीस बचनागाच्याच कुळातलं आहे, आणि बचनाग जीव घेतो. अतिविषाचे गुण आपल्या ग्रंथांत आहेत, पण ते कोणत्या उतारावर सापडतं, सारखे दिसणारे कंद कसे वेगळे करायचे, बी पिकून गळेपर्यंत का थांबायचं, हे कुरणात जाणाऱ्या बाया आणि मेंढपाळ जाणतात. त्यांनी ते कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि तेच आज त्यांना महागात पडतं आहे.

अशा वनस्पती वापरणाऱ्या देशी कंपन्यांनीही जैवविविधता कायद्याप्रमाणे स्थानिक लोकांसाठी लाभाचा वाटा द्यायचा, असं उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितलं. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला त्यातून सूट दिली. म्हणजे नाव पोथीत असलं की कंपनी सुटली, आणि मूळ खणून देणाऱ्या गावाच्या हाती उरली फक्त मजुरी. मला हा उघड अन्याय वाटतो.

त्यात जंगलातला साठा आटत चालला आहे. जटामांसी आणि कुटकी यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९७ पासून निर्बंध आहेत. म्हणून चमोलीतल्याच घेस गावचे शेतकरी कुटकी शेतात लावतात. पीक हाती यायला वर्षं जातात, आणि मग माल आपल्याच शेतातला आहे हे कागदोपत्री पटवून वाहतुकीचा परवाना मिळवायचा. तोवर दलाल दारात उभा असतो.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ आपल्या खात्याचं आहे. कच्चा माल कोणत्या गावातून आला याची नोंद प्रत्येक औषध उत्पादकाला सक्तीची करा. लागवड करणाऱ्यांची रोपं, नोंदणी आणि परवाना एकाच खिडकीवर, तेही तालुक्याच्या ठिकाणी मिळू द्या. आणि २०२३ ची ती सूट मोठ्या कंपन्यांसाठी मागे घ्यावी, असा प्रस्ताव पर्यावरण मंत्रालयाकडे आपण स्वतः पाठवावा. त्याचं उत्तर काय आलं, तेही जाहीर करावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक नागरिक